चटणीवरून तपासणी

आजारी माणसाशी आमच्या डॉक्टरांइतकं भांडणारा माणूस अख्ख्या सोलापुरात शोधून सापडायचा नाही. म्हातारा पेशंट दवाखान्याची पायरी चढतोय तोच आतून आवाज येतो, "चपला फरफटू नका, पाय उचला!" कवळी न धुता आलेल्या एका आजोबांना त्यांनी सगळ्यांदेखत नळाशी उभं केलं होतं. दर रविवारी सकाळी ते आमच्या घरी येतात. निमित्त वडिलांना तपासायचं. खरं म्हणजे कडक भाकरी आणि आईनं कुटलेली शेंगाची चटणी खायला. वडील यंत्रमागावरून निवृत्त झाले, पण खोट काढायची सवय सुटली नाही. ते चटणीला नावं ठेवतात, डॉक्टर आईची बाजू घेतात आणि दोघांची जुंपते.

गेल्या थंडीत एका रविवारी वडील गप्प गप्प होते. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे काडी टाकली, "काय मामा, आज चटणीत काय कमी?"

"न्हाय, चांगली हाय की."

आई खूश झाली. डॉक्टरांनी मात्र अर्धी भाकरी तशीच टाकून हात धुतले. वडिलांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली, पाठीवर नळी फिरवली आणि गाडीची किल्ली काढली.

"अहो, ताप नाही, खोकला नाही," मी म्हणालो.

"या वयात न्यूमोनिया असाच येतो, गुपचूप. भांडणारं माणूस गप्प झालं की ओळखायचं. चला!"

एक्स-रेत तेच निघालं. ऑक्सिजन लागला, सलाईनमधून औषधं सुरू झाली आणि वर डॉक्टरांची कटकट : बसूनच खा, दात घासा, खोल श्वास घ्या. वडील काहीच उलटून बोलत नव्हते, त्याचीच आम्हाला भीती वाटायची. मग एका सकाळी त्यांनी डब्यातली चटणी चाखली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हिच्यातला लसूण कुटं गेला?"

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले. या माणसाचे उपकार आमच्याच्यानं फिटणार नाहीत.

आता डॉक्टरही थकलेत. परवा वडिलांनी चटणीला भरपूर नावं ठेवली, तर डॉक्टर नुसतं म्हणाले, "असेल मामा, तुमचंच बरोबर असेल."

वडिलांनी ताट बाजूला सारलं आणि कपाटातून स्वतःची चिमटी काढून आणली. "डाक्टर, बोट हिकडं करा."

डॉक्टरांनी मुकाट्यानं बोट पुढं केलं. आकडा चांगला आला. तरी वडिलांनी ते बोट लवकर सोडलं नाही.