दुर्बिणीचं रबर

माझा मोठा भाऊ आखातात नोकरीला गेला आणि पहिल्या सुट्टीत येताना आईसाठी साडी आणायची सोडून दुर्बीण घेऊन आला. दुमडली की तळहातावर मावणारी, इवलीशी. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा पावणे गावातल्या एका कारखान्यात पॅकिंगला जात होते. आमचं गाव वाशीच्या खाडीवर. खाडीत मासा कमी झाला होता, म्हणून बाबा, काका आणि काकांचा जावई होडी घेऊन पार बंदराच्या तोंडापर्यंत जायला लागले होते. आई धक्क्यावर उभी राहून वाट बघायची. तिला बाबा जरा लवकर दिसावेत, एवढाच भावाचा हेतू.

आईचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. जाड भिंगाचा चष्मा लागला होता आणि तो काढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईने ते इतकं मनावर घेतलं की ती आंघोळीलाही चष्मा घालून जायची. मग दुर्बीणसुद्धा चष्म्यावरूनच. दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या टोकांना काळं रबर होतं, वाटीसारखं वर आलेलं. ते चष्म्याच्या काचेला टेकायचं, चष्मा नाकात रुतायचा आणि डोळा मात्र दुर्बिणीपासून लांबच राहायचा. मला चष्मा नव्हता, मला अख्खी खाडी दिसायची. आईला मधोमध बटणाएवढं वर्तुळ दिसायचं, भोवती सगळा काळोख, आणि मान जरा हलली की तेवढंही गुडूप. पण हे आम्हाला पुढे कळलं. तेव्हा विचारलं की ती म्हणायची, "चांगला दिसतंय." दुर्बीण म्हणजे अशीच असते, असं तिला वाटत होतं. आणि लेकाने आणलेल्या वस्तूला तिने नावं ठेवणं शक्यच नव्हतं.

एकदा मी ते रबर नखाने ओढून बघायला गेले तर हातावर चापट बसली. "तुटला तं हितं मिलंल काय?" फॉरेनची वस्तू आमच्या घरात अशीच वापरली जायची, म्हणजे जवळजवळ न वापरताच.

मग एक दिवस वारा फिरला. संध्याकाळी येणारी होडी आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी आळी धक्क्यावर. ऊन वर आल्यावर लांब एक शीड दिसलं आणि आईने दुर्बीण लावली.

"आपलीच हाय," ती म्हणाली. बायकांच्या जिवात जीव आला.  आई मान इकडेतिकडे करत होती, दुर्बीण वर-खाली करत होती.

"दोगंच हाईत," ती म्हणाली. "तुज्या बापसाची टोपी डोलकाठीवर हाय. तो नाय."

मी तिच्या हातातून दुर्बीण ओढून घेतली. ती तिच्या नजरेला जुळवलेली, मला सगळं धुरकट. मधलं चाक फिरवून नीट दिसेपर्यंत होडी वळणावर तिवरांच्या झाडीमागे गेली. तिथे गेलेली होडी बराच वेळ दिसत नाही.

काकी आईला धरून म्हणत होती, "थांब, होरी येव दे." आईने तिचा हात झटकला, पायरीवर बसली आणि दोन्ही मनगटं दगडावर आपटली. रडणं नाही, ओरडणं नाही. हिरव्या काचा पायरीभर उडाल्या.  आईला थांबवायचं असतं हेही मला सुचलं नाही.

तिवरांमागून होडी बाहेर आली. मागच्या टोकाला, सुकाणूवर हात ठेवून, उघड्या डोक्याने बाबा बसले होते. ते कायम तिथेच बसायचे. आईला हे लग्नापासून माहीत होतं. पण तिच्या त्या वर्तुळात होडीचं मागचं टोक मावलंच नव्हतं, आणि भिजलेली टोपी त्यांनी वाळत घातली होती.

 बाबा जिवंत आहेत याचा आनंदसुद्धा धक्क्यावर कोणाला करता येईना. ते दोर घेऊन पाण्यात उतरले, आईसमोर आले आणि त्यांना तिचे हात दिसले. बांगड्या कोणासाठी फुटतात हे आमच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही. तरी त्यांनी विचारलं.

"कोन गेला?"

आईने मान वर केली. "तुमी."

बाबा चिखलाच्या पायांनी तिच्याशेजारी पायरीवर बसले.  मागे दोन म्हाताऱ्या कुजबुजायला लागल्या, आता बांगड्या भरायच्या तरी कशा, अपशकुन झाला. मला त्यांना खाडीत ढकलून द्यावंसं वाटलं. बाबांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "कासाराला बोलवा. मी हितंच बसतंय."

भाऊ पुढच्या सुट्टीत आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याने दुर्बीण घेतली आणि अंगठ्याने दोन्ही रबरं खाली दुमडली. सहज, बाही दुमडावी तशी. "चष्मा असेल तर असं करायचं असतं," तो म्हणाला. आईने चष्म्यावरून दुर्बीण लावली. तिला होडी दिसत होती, पुढच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत, आणि पलीकडची तिवरंसुद्धा.

"येवराच होता?" तिने विचारलं. भाऊ खाली बघायला लागला. जाताना एका शब्दाने सांगितलं नाही म्हणून मला त्याचा अजूनही राग येतो.

त्यानंतर आई रबर दुमडूनच बघायची. अख्खी होडी दिसते, हे तिने बाबांना हजारदा सांगितलं. पण लांबून धक्का दिसला की बाबा सुकाणू काकांकडे द्यायचे आणि होडीच्या मधोमध उभे राहायचे. होडी डुलायची, काका शिव्या घालायचे. धक्का येईपर्यंत ते खाली बसायचे नाहीत.