अब्बांची शुगर आणि माझ्यावरचा आळ

कापूरहोळच्या फाट्यावर मी पुण्याची एसटी पकडली, तेव्हा माझ्या दंडाला फुफीने इमाम-जामीन बांधला. कापडात गुंडाळलेलं नाणं. प्रवासाला निघालेल्याच्या दंडाला बांधायचं आणि सुखरूप पोचल्यावर त्याने ते गरिबाला द्यायचं. खरं तर अब्बांना बांधायचा होता, पण पंक्चरच्या दुकानातून ते तसेच धावत आलेले, हात काळेकुट्ट. "तूच बांध," म्हणाले बहिणीला. आणि मला, "जा बाळा, हितली काळजी करू नगं." नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मस्कतला नर्स म्हणून जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच.

फुफी, किकवीचे चाचा, आणि फाट्यावरचे समस्त शहाणे, हे तुमच्यासाठी लिहितेय. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोरींनीही वाचावं.

अब्बांना शुगर मी जायच्या आधीपासूनच होती. मी गेल्यावर दोनेक वर्षांनी त्यांनी दुकान उघडणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. अंघोळ नाही, गोळी नाही, बोलणं नाही. डॉक्टर आकडा बघायचे, "गोड बंद करा" म्हणायचे आणि पुढच्या पेशंटला हाक मारायचे. आणि तुम्ही? तुमचं निदान कधीच झालेलं होतं. एसटीडी बूथवरून फुफींचा आवाज यायचा, "तुझ्या घोरानं भाईजान खचल्यात. तू कमव तिकडं रियाल, हितं बाप चाललाय."

मला ते खरं वाटलं. कसं वाटणार नाही? अम्मी तर मी लहान असतानाच गेलेली, अब्बांनी एकट्याने वाढवलं. नाइट ड्यूटीवर दुसऱ्यांच्या बापांना सुया टोचताना मी रडायचे. शेवटी नोकरी सोडली आणि आले.

आले, तर अब्बा तसेच. मी उशाशी बसले तरी भिंतीकडेच बघत. फुफी म्हणाल्या, "परत जाशील हे ठाऊक हाय त्यास्नी." वा गं वा! धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी गेले म्हणून आजारी, आले तर जाईन म्हणून आजारी. डोकंच फिरलं माझं.

आमच्या मस्कतच्या वॉर्डात शुगरच्या पेशंटला नुसता आकडा विचारत नसत. झोप लागते का, कशात मन लागतं का, जगावंसं वाटतं का, हेही विचारायचे. तेच प्रश्न मी अब्बांना विचारले. ते म्हणाले, "कशातच जीव लागंना. तू आलीस, त्याचंबी बरं वाटंना. त्याचीच लाज वाटती गं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. चाचा ओरडले, "बापाला येडा ठरवतीस?" ठरवते, म्हटलं, बाजूला व्हा.

डॉक्टरीणबाईंनी सगळं अब्बांनाच समजावलं. इन्सुलिन मेंदूतही काम करतं. मन ताळ्यावर ठेवणारी सेरोटोनिन, डोपामाइन ही रसायनं मेंदूत असतात, त्यांच्याशी त्याचा संबंध आहे. शुगर बरीच वर्षं बिघडलेली राहिली की हा तोल ढळू शकतो. मग ताणाचं कॉर्टिसॉल चढतं, ते शुगर आणखी वाढवतं, आणि उदास झालेला माणूस गोळीही घेत नाही. सगळं अजून उलगडलेलं नाही, असंही त्या म्हणाल्या. पण हा आजार आहे आणि यात कुणाचा गुन्हा नाही.

अब्बांनी आयुष्यभर ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधलं. तुम्ही मात्र भोक न शोधता नुसती हवा मारायला लावलीत. आणि पंप कुणाच्या हातात दिलात, तर माझ्या.

गोळ्या सुरू झाल्या, शुगरही आवरली. वेळ लागला. मग एका सकाळी अब्बांनी चहा मागितला, बिनसाखरेचा, आणि तो कसा बेचव झालाय म्हणून माझ्यावर खेकसले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पुढे दुकानाचं शटरही वर गेलं.

मस्कतची नोकरी पुन्हा मिळाली. फाट्यावर तुम्ही सगळे होतात. अब्बांनी साबणाने हात घासघासून धुतले, इमाम-जामीन स्वतः बांधला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तू गेलीस म्हणून न्हाई पडलो मी. बीमार हुतो म्हणून पडलो." फुफी, तुम्ही तेव्हा पदर सारखा करत राहिलात.

पोचल्यावर नाणं रिवाजाप्रमाणे देऊन टाकलं. कापड ठेवलंय. एवढं घासूनही अब्बांच्या बोटाचा काळा डाग त्याला लागलाच. आता घर म्हटलं की मी त्याच्याकडे बघते.

फोनवर तुम्ही विचारता, घरची आठवण येते का. अब्बांची रोज येते. तुमचीही येईल, फुफी. आधी एकदा म्हणा, आमचं चुकलं.