प्रशांतचा मजला

आमचे शेजारी देवराव गुरुजी कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे नाही, छताकडे बघायचे. घरमालक हात जोडून उभा आणि यांची मान वर. "या गुरुजी, बसा" म्हटलं तरी बसायचे नाहीत. डोक्यावर काय आहे याची खात्री झाल्याशिवाय माणसाने बूड टेकवावं कसं? पिंपळगाव राजात या सवयीची एवढी दहशत होती, की ते येताना दिसले की बायका झाडू घेऊन जळमटं काढायला धावत.

तसे ते निवृत्त प्राथमिक शिक्षक. मीही त्याच शाळेत होतो, त्यामुळे त्यांचं छतपुराण मला पाठ. "मास्तर, छतानं पानी घालवावं, ऊन अडवावं अन् वादळ-वावधनात जागेवर राहावं. बाकी सारा नखरा हाये." मग एकेकाची उलटतपासणी. मातीचं धाबं उन्हाळ्यात गारेगार, पण मिरगाआधी वर नवी माती टाकली नाही तर पावसाळ्यात घरातल्या घरात चिखल. कवेलूंवरून, म्हणजे कौलांवरून, पाणी सरसर ओघळतं, पण माकडांची टोळी एकदा नाचून गेली की घरात बसून आभाळ दिसतं. टिनाचं घर झटपट उभं राहतं, फक्त मे महिन्यात आतला माणूस भाजून निघतो.

"अन् स्लॅब?" मी मुद्दाम विचारायचो.

"स्लॅब पक्का. पन त्याले उतार पाह्यजे. उतार नसला का पानी मुक्कामाले येते."

हे ते सांगत तेव्हा त्यांच्या स्वतःच्या स्लॅबवर पाणी मुक्कामाला असे. होय, अख्ख्या गावाला उतार शिकवणाऱ्या या गृहस्थाने आपला स्लॅब पाटासारखा सपाट टाकून घेतला होता. गवंड्याने उताराचं नाव काढताच त्याच्यावरच उखडले. "येडा झाला का बे? हे छत नोहे. हे प्रशांतच्या मजल्याची जमीन होय. पोराचा पलंग घसरू देऊ का?"

प्रशांत म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा पुण्यात शिकत होता. तो शिकेल, इकडेच नोकरी धरेल, लग्न करून वर राहील, सून खाली चहा घेऊन येईल, इथपर्यंत सगळा बेत तयार. त्यासाठी खांबांच्या सळ्या स्लॅबच्या वर मोकळ्या सोडलेल्या. अशी शिंगं आमच्याकडे निम्म्या घरांना असतात, पण गुरुजी दर दिवाळीला त्यांना गंज लागू नये म्हणून रंग द्यायचे. घराला रंग लागो न लागो! प्रशांत दिवाळीला आला की त्याच सळ्यांना दोरी बांधून टॉवेल वाळत घालायचा.

प्रशांतला पुण्यातच नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. मजला काही आला नाही. पाणी मात्र न चुकता आलं. आधी भिंतीला ओल, मग ठिबक, मग थेट काकूंच्या परातीत. "अवो, सारं गाव स्लॅबवर टिनं टाकून राह्यलं," काकू कळवळायच्या, "आपनच काऊन नाई?" पण टिनांच्या सांगाड्याला सळ्या आड येत होत्या, त्या कापाव्या लागणार होत्या. "सळ्या कापल्या का मजला गेला," म्हणून गुरुजी बादली सरकवायचे. त्या ओलीने काकूंचे गुडघे धरले. मला गुरुजींचं हसू यायचं आणि संतापही यायचा. एकदा तोंडावर म्हटलंही, "गुरुजी, छतानं पाणी घालवावं ना?" तर म्हणाले, "हे छत नोहेच!" झालं, मिटला विषय.

गेल्या उन्हाळ्यात प्रशांतने पुण्यात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीहून आल्यावर गुरुजी थेट माझ्या ओसरीवर येऊन बसले. वर न बघता बसले, तेव्हाच मी चरकलो.

"कसं आहे घर?"

"म्या वर पाह्यलं, तर नुसते दिवेच दिवे. म्हटलं, याच्यावर काय हाये? तर म्हने सहाव्या माळ्यावाले. अन् त्याइच्यावर? सातव्यावाले. मास्तर, माह्या पोराच्या घराले छतच नाई."

"पण मग गळत तर नाही ना?" मी आपली नेहमीची थट्टा केली.

"नाई ना. तेच तं. त्याले तिथं कायचीच कमी नाई."

एवढं बोलून ते उठले. पुढच्याच आठवड्यात वेल्डिंगवाला स्लॅबवर चढला. "गुरुजी, वीतभर ठेवतो, पुढं कामी येईन," तो चांगल्या मनाने म्हणाला. "नको. बुडातून घे," गुरुजी म्हणाले आणि शेवटची सळी पडेपर्यंत भर उन्हात तिथंच उभे राहिले.

स्लॅबवर टिनं चढली आणि पावसाळा लागला. स्वयंपाकघर कोरडं ठणठणीत. मी चहाला गेलो होतो, तेवढ्यात प्रशांतचा फोन आला. गुरुजींना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा केलेला.

"बाबा, आई सांगत होती, पत्रे टाकले. फार छान केलंत. आणि त्या सळ्याही कापल्या म्हणे? बरं झालं, मला नेहमी भीती वाटायची, कुणाला तरी लागेल. त्या नेमक्या कशासाठी होत्या हो?"

काकूंनी गुरुजींकडे पाहिलं. मीही पाहिलं. गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला बेत, फक्त ज्याच्यासाठी होता त्याला कुणी सांगितलाच नव्हता!

"कायच्यासाठी नाई बाबू," गुरुजी म्हणाले. "गवंड्यानं तशाच सोडल्या होत्या. घे, आईसंग बोल."