चाकणला इंजिन ऐकायला

चाकणजवळ अमेरिकन गाड्यांचं प्रदर्शन भरतंय हे वाचलं आणि पप्पा म्हणाले, "सुजा, मला ने." मी एरवी गाड्यांच्या वाटेला जात नाही. पण पप्पांची सगळी नोकरी चाकणच्या एका फोर्जिंग कारखान्यात गेली. लालबुंद लोखंडावर मशीनचा हॅमर घालून इंजिनातले क्रँकशाफ्टचे दांडे घडवायचे, पेट्यांत भरायचे, पेट्या अमेरिकेला. ज्या दांडग्या इंजिनांत ते बसले, त्यांतलं एकही त्यांनी कधी ऐकलं नाही. हॅमरच्या आवाजानं डावा कान पार नेला. उजव्यात थोडं उरलंय, पण बोलणं ते बरंचसं ओठांवरूनच ओळखतात; उरलेलंही चाललंय असं डॉक्टर म्हणतात. म्हणून ही घाई.

दापोडीहून सकाळी स्कूटरवर निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते: नाशिक फाटा, भोसरी, मोशी, इथपर्यंत ठीक. पुढे कंटेनर, कंपन्यांच्या बस आणि कांद्याचे ट्रक एकाच खड्ड्याभोवती गोळा झालेले असतात. अख्ख्या देशाला गाड्या करून देणाऱ्या पट्ट्याला स्वतःचा धड रस्ता नाही, याचा मला दर वेळी नव्यानं संताप येतो. मोशीला मिसळ खाल्ली. ती झकास होती, म्हणून मी चहावर राग काढला.

मिसळ खाताना पप्पांनी इतिहास सांगितला, अर्थात सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असा. "साठच्या दशकात लई जोर होता या गाड्यांचा. मग तेल महागलं, विमा वाढला, धुराचे नियम आले, झोपल्या सगळ्या. पुन्हा उठल्या त्या जळफळाटावर. एका कंपनीनं जुन्या रूपाची नवी गाडी काढली, ती खपली, मग दुसरीला दम निघेना, मग तिसरीला. एकीनं ताकद वाढवली की दुसरी त्याच्या वर."

"आणि तुमचा हॅमर?"

"तो पण वाढला की! ओव्हरटाइम!" पप्पा हसले. मला हसू आलं नाही.

दोघांचं तिकीट आठवड्याच्या भाजीएवढं पडलं. आत मांडवात एक लाल आणि एक निळी गाडी, दोन हाडवैरी कंपन्यांच्या, शेजारी शेजारी. भोवती दोरी. लाल गाडीच्या मालकाला मी विनंती केली, वडिलांना फक्त आवाज ऐकवायचाय.

"मॅडम, इथे स्टार्ट करत नाही आम्ही. फोटो काढा ना."

यांच्या क्रँकशाफ्टपायी माझ्या बापाचा कान गेला, आणि मी फोटो काढू! डोकं असं फिरलं की सरळ खोटंच बोलले. "राहू दे. ते निळीवाले म्हणतातच, लाल गाडी नुसती दिसायला."

"कोण, तो?" त्यानं दार उघडलं, बसला, बटण दाबलं. मांडवाचं कापड थरथरलं. लोक कानांवर हात ठेवून मागे सरले. निळीवाला कशाला गप्प बसतोय? त्यानंही सुरू केली आणि दोघं एकमेकांकडे बघत ॲक्सिलरेटर दाबत सुटले. माझ्या दातांपर्यंत तो आवाज आला. मी जिंकल्यासारखी पप्पांकडे वळले.

पप्पा उजवा कान पुढे करून, दोरीला टेकून उभे होते. अगदी शांत. मग मला म्हणाले, "चालू झाली का?"

हॅमरपाशी बोलणं ऐकू येत नाही, तिथे सगळं खुणांवर चालतं. त्या खुणा आमच्या घरातही आल्यात. तळहात आडवा धरून हलवला की मशीन चालू. मी हात हलवला. पप्पांनी मान डोलावली आणि हात पुढे करून लाल गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"ओ काका! हात नाही लावायचा, डाग पडतात!" मालकानं गाडी बंदच केली.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. निळीवाल्यालाही त्यातला वाटा दिला. पप्पांनी मूठ वर केली. म्हणजे थांब. आम्ही बाहेर आलो.

परतीच्या वाटेवर पुन्हा तेच खड्डे, पण मी कुणावर ओरडले नाही. स्कूटरवर मागून पप्पांनी माझा खांदा घट्ट धरला होता. प्रदर्शनाला जावं का, असं कुणी विचारलं तर मिसळ खाऊन मोशीहूनच परत फिरा, असं सांगेन.

घरी आईनं ओठ दिसतील असं समोर येऊन विचारलं, "कसा होता हो आवाज?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग चपला काढत आईला म्हणाले, "कानठळ्या बसल्या!"