शिळ्या बातमीची कबुली

यांना जाऊन वर्ष होत आलं. सकाळी टपालाची वेळ झाली की अजून हातांना काम सुचत नाही. म्हणून थोडं थोडं लिहिते.

कारंज्याला आमची कापसाची अडत होती. शेतकरी गाड्या आमच्या दाराशी सोडत, हे खरेदीदाराशी त्यांचा सौदा जमवून देत आणि त्याबद्दल अडत घेत. मूर्तिजापूरहून छोट्या रेल्वेगाडीनं टपाल येई, त्यातच वर्तमानपत्र. यांची नजर लवकर अधू झाली आणि मी माहेरी शिकलेली, त्यामुळे वाचन माझ्याकडे आलं. मी दाराच्या आत बसून वाचायची, हे ओट्यावर ऐकायचे. हळूहळू गाडीवालेही ऐकायला बसू लागले, तेव्हा हे म्हणाले, "जरा मोठ्यानं वाच. भाव त्यांच्या कापसाचा हाये."

शेजारचा व्यापारी जाता-येता टोमणा मारी, "काहो शेट, अडत चालवून राह्यले का शाळा?"

"शाळाच समजा. मास्तरीण घरची हाये, पगार मांगत नाही."

कुठलीही बातमी यांना दुकानाच्या कामाची वाटे. एका स्टेशनावर उतारूंना पाणी मिळालं नाही, असं मी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात माणसांसाठी रांजण अन् बैलांसाठी हौद आला. एक पेढी बुडाल्याचं वाचलं, तर म्हणाले, "बुडायच्या आंधी मालक गिऱ्हाइकाले भेटेनासा झाला असंन." मला बातमीत फक्त पेढी दिसली होती.

एका सकाळी मी मुंबईचा भाव चढल्याचं वाचलं. ओट्यावर मंगरुळकडचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांच्या कापसाला बरी मागणी आली होती, पण हे म्हणाले, "थांबा, दुपारी अजून चढंन." म्हातारे थांबले. दुपारी तार आली ती भाव पडल्याची. सकाळी मिळत होतं त्याहून कमीत त्यांना कापूस द्यावा लागला. म्हातारे नशीब म्हणाले आणि बैल जुंपू लागले.

तेवढ्यात टपालवाला त्या दिवशीचा म्हणून आणखी एक अंक घेऊन आला. सकाळचा अंक टपालाच्या थैलीत अडकून राहिलेला, जुना निघाला. तारीख बघायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. रेल्वेगाडी आली म्हणजे पेपर ताजा, असं सगळेच धरून चालत.

शेजारी तिथंच उभा होता. हळूच म्हणाला, "त्याले कायले सांगता? बजार पडला, तुमी काय पाडला? त्याच्या गावच्या सगळ्या गाड्या जातीन तुमच्या हातच्या."

ते खरं होतं. आमची निम्मी अडत त्या एका गावावर चाले. हे चपला न घालताच गाडीपाशी गेले.

"बाबा, सकाळचा पेपर शिळा होता. मी पाह्यलं नाही. त्याच्या भरवशावर तुमाले थांबवलं."

"मंग हे सकाळी काहून नाही सांगतलं?"

"सकाळी मलेच मालूम नव्हतं."

यांनी अडत परत दिली. म्हाताऱ्यांनी ती घेतली आणि रामराम न करता गाडी हाकली.

त्यानंतर त्या गावच्या गाड्या आमच्या दारावरून पुढं शेजाऱ्याकडे जाऊ लागल्या. चाकांचा आवाज जवळ येई, मी पदर सारखा करी, आणि आवाज पुढं जाई. हे रोज रांजण भरून घेत. त्या गाड्यांचे बैल आमच्याच हौदावर पाणी पीत, तेही हे पिऊ देत. एकदाच मी विचारलं, "सांगितलं नसतं तर?" हे म्हणाले, "मंग तू उद्या काय वाचलं असतं त्यायच्या समोर?"

हंगाम सरत आला आणि एक दिवस चाकं आमच्या दाराशी थांबली. तेच म्हातारे. बैल सोडून हौदावर लावले, ओट्यावर टेकले आणि आत बघून म्हणाले, "वाचा बाई. तारीख आंधी."

यांना राहवलं नाही. "बाबा, तिकडं काही बिनसलं का?"

"काही नाही बिनसलं. पुरा हंगाम झाला, तो शेट म्हन्ते माह्यं एकदाही काही चुकलं नाही." म्हाताऱ्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "मले भेव वाटाले लागलं."

हे हसले नाहीत. उठून त्यांच्यासाठी रांजणातलं पाणी घेऊन आले. मी आत बसून तारीख वाचली, आणि मग भाव.