वैजूच्या मिथेनला गुलाल

जोतिबाचा गुलाल मिथेनला लावू नये. हे मी अनुभवानं सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शिवाजी पेठेत माझं सायकलचं दुकान होतं आणि लेक वैजू नववीत होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं मिथेनचा रेणू केला. पहिला नंबर आला की जिल्ह्याला जायला मिळणार, एवढंच तिच्या डोक्यात. मधे रबरी चेंडूचा कार्बन, भोवती टेबल टेनिसच्या चेंडूंचे चार हायड्रोजन, जोडायला माझ्या दुकानातले स्पोक. प्रत्येक स्पोकवर चाकाच्या बेअरिंगमधले दोन छर्रे चिकटवलेले, ते इलेक्ट्रॉन. काळा कार्बनचा, पांढरा हायड्रोजनचा.

जेवताना तिनं मला समजावलं होतं. कार्बनला आठ पुरे व्हायला चार कमी, हायड्रोजनला दोन पुरे व्हायला एक कमी. मग कोणी कोणाला देऊन टाकत नाही. दोघं एकेक इलेक्ट्रॉन मधे ठेवतात आणि ती जोडी दोघांची. मी म्हटलं, म्हणजे आपल्या गल्लीतला सामाईक नळ.

"व्हय आप्पा, पण हितं भांडणं न्हाईत," ती म्हणाली.

प्रदर्शनादिवशी पहाटे जोतिबाला निघताना मीच सल्ला दिला, सगळ्यावर ऑइलपेंटचा अजून एक हात मार, चमकंल. (इथं पहिली माती खाल्ली.) दर्शन घेऊन तडक शाळेत आलो. वैजू पाणी प्यायला गेली होती. आमच्या दुकानातनं नवी सायकल बाहेर पडली की हँडलवर गुलाल पडतोच, मग पोरीचा रेणू तसाच कसा सोडायचा? डोळे मिटले, चांगभलं म्हटलं आणि मूठभर उधळला.

रंग ओलाच होता! कार्बन गुलाबी, हायड्रोजन गुलाबी, छर्रेही गुलाबी. घाबरून खिशातलं फडकं काढलं आणि घासायला लागलो. (सायकलवाल्याच्या खिशातलं फडकं रॉकेलचंच असतं!) गुलालाबरोबर रंगही निघाला. आठही छर्रे एकसारखे चकचकीत, सायकलच्या चाकात घालायला अगदी तयार!

वैजू आली. ओरडली नाही, तिनं फडकं तेवढं माझ्या हातातनं काढून घेतलं.

तेवढ्यात परीक्षक आले. पोरीनं सगळं न अडखळता सांगितलं. ते म्हणाले, "बाळ, सांगतेस छान. पण कुठला इलेक्ट्रॉन कुणाचा, हे यात दिसत नाही."

मला गप्प बसवेना. "सायेब, सगळे एकाच डब्यातले हायत की," मी म्हटलं.

नंबर दुसऱ्या एका पोराच्या ज्वालामुखीला गेला.

घरी येताना ती सायकलवर माझ्या मागं बसून रडत होती. मागं वळून बघायचं धाडस मला झालं नाही. इतकं वाईट मला आजवर कशाचं वाटलेलं नाही. चार वेळा तिला सॉरी म्हणावंसं वाटलं आणि चारही वेळा मी नुसती घंटी वाजवली.

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा मॉडेल केलं. मला शाळेच्या फाटकातच अडवलं.

"आप्पा, खिसे दाखवा."

मी एका हातानं दोन्ही खिसे उलटे केले. फडकंसुद्धा घरी ठेवून आलो होतो. "बघ, गुलालाचा कण न्हाई."

"आणि त्या मुठीत?"

मूठ उघडली. भंडारा होता.