मंदा मासिक मागून वाचायची

मुलुंडच्या पाच रस्ता चौकातल्या पेपरवाल्याला मंदा जाधवची धास्ती होती. गाडी घेऊन डोंगरदऱ्यांत भटकणाऱ्यांसाठी चकचकीत मासिकं निघतात. त्यातलं एक ती उचलायची, शेवटच्या पानापासून उलटं वाचत यायची आणि भर गर्दीत विचारायची, "ही माणसं मुततात कुठे?"

"ताई, हळू," पेपरवाला म्हणायचा.

"हळू काय? अख्खं लडाख फिरून आला आणि एकदाही लागली नाही त्याला? खोटारडा आहे. ठेव परत."

मंदा माझी शेजारीण. मुलुंडला एकाच मजल्यावर आमची समोरासमोर दारं, आणि इमारतीच्या खाली माझं औषधांचं दुकान. ती सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होती. नवरा बदली घेऊन पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. "गेला ते बरं झालं, एक खाट मोकळी झाली," एवढंच ती त्याबद्दल बोलायची. घरात ती आणि मुलगा निखिल. त्याला स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. शाळेत असतानाच तो व्हीलचेअरवर आला. मी सांगते आहे त्या काळात तो तेवीस वर्षांचा होता. बोटं तेवढी हलायची आणि रात्री श्वासासाठी मशीन लावावं लागायचं. जीभ मात्र शाबूत होती.

निखिलला बर्फ पडताना बघायचा होता. "पडलेला नको, मावशी. साठलेला तुझ्या दुकानातल्या फ्रीजमध्ये पण आहे. पडताना पाहिजे."

मंदाने चौकशी केली. रेल्वेच्या डब्यात खुर्ची वळत नाही, हॉटेलच्या बाथरूमच्या दारातून आत जात नाही. म्हणून तिने शाळेची एक जुनी व्हॅन विकत घेतली, साकीनाक्याच्या फॅब्रिकेटरकडून मागे रॅम्प बसवून घेतला, आत झोपायला फळी टाकली, मशीनसाठी जादा बॅटरी लावली. गाडी चालवायला ती पन्नाशीत शिकली. निखिलची छाती आता फार वर्षं साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणजे गाडी तयार होती, घाईही होती. अडलं होतं ते एवढ्यावरच, की जायचं कुठे आणि कुणाच्या भरवशावर.

पेपरवाल्याकडचा तो प्रश्न चावटपणाचा नव्हता. खुर्चीतला मुलगा घेऊन एकट्या बाईने निघायचं तर थांबायचं कुठे, दार किती रुंद, पायऱ्या किती, रात्री वीज असते का, हे आधी कळायला हवं. नेमकं तेच कुणी लिहीत नसे.

"मासिक मागून वाचायचं," ती मला शिकवायची. "पुढे जाहिरातदार बोलतात, मागे वाचक रडतात. रडणाऱ्याचं ऐकावं." फोटोंवर तिचा राग होता. "गाडीचा फोटो वरून काढलाय. म्हणजे हा गाडीत नव्हताच, ड्रोन उडवत होता." व्हिडिओ ती आवाज बंद करून बघायची. "संगीत काढ गं, मग खड्डे दिसतात." आपण कुठून माघारी फिरलो हे ज्याने लिहिलं नाही, त्याचं ती पुढे वाचतच नसे. रद्दीवाल्याकडून जुने अंक किलोने आणायची आणि एकाच रस्त्याबद्दल पूर्वी काय लिहिलं होतं ते नव्या अंकाशी ताडून बघायची. "तेच वाक्य, तोच फोटो. रस्ता वाहून गेला तरी यांचं वर्णन जागच्या जागी."

हे शहाणपण तिला फुकट मिळालं नव्हतं. गाडीची चाचणी म्हणून आम्ही तिघं एकदा भंडारदऱ्याला गेलो. तिथल्या तंबूंच्या एका मुक्कामाबद्दल संकेतस्थळावर 'व्हीलचेअरसाठी उत्तम सोय' असं लिहिलं होतं. पोचलो तर फाटकापासून तंबूपर्यंत नुसती खडी, आणि बाथरूम चार पायऱ्या वर. मॅनेजर हात जोडून म्हणाला, "टेन्शन नको मॅडम, आमची पोरं दादांना उचलून नेतील ना."

"मी काय गादी आहे?" निखिल म्हणाला.

"तसं नाही दादा..."

"गादीला उचलताना विचारावं लागत नाही. मला विचार."

मॅनेजरने विचारलं नाही, आणि आम्ही तसेच परत फिरलो. घरी आल्यावर मंदाने त्या संकेतस्थळावर पायऱ्यांचा फोटो टाकला. आठवड्याच्या आत तो कुणीतरी काढून टाकला. 'उत्तम सोय' मात्र तिथेच राहिली.

अशी चाळणी लावता लावता दोन हिवाळे गेले.

"आई, एवढी चौकशी लोक मुलगी देताना करत नाहीत," निखिल म्हणायचा.

"लोकांना मुलगी परत आणायची नसते. मला तुला परत आणायचंय."

शेवटी तिला हवं तसं माणूस सापडलं. एका जुन्या अंकाच्या मागच्या पानावर हिमाचलमधल्या एका बाईचं पत्र होतं. ती आपल्या गावात पाहुण्यांना दोन खोल्या भाड्याने द्यायची. तुमच्या लेखकाने आमचा रस्ता हिवाळ्यातही सोपा म्हटला, त्यावर विसंबून आलेलं एक कुटुंब बर्फात अडकलं, तेव्हा दुरुस्ती छापा, अशी तिची तक्रार होती. मंदाने ते पत्र मला दुकानात येऊन वाचून दाखवलं. इतक्या आनंदात मी तिला क्वचितच पाहिलं असेल. "ही खरी बाई. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः तोडतेय बघ."

गावाच्या नावावरून तिने बाईचा नंबर मिळवला आणि निखिलच्या आणि माझ्यासमोर फोन स्पीकरवर लावला. खुर्ची, मशीन, बॅटरी, छाती, सगळं सांगितलं.

"दीदी, मत लाइए," बाई म्हणाली. "बर्फ गिरती है तो दो-दो दिन बिजली नहीं आती. रास्ता बंद हुआ तो अस्पताल भूल जाइए. मेरा कमरा खाली है, पैसे मुझे भी चाहिए. फिर भी मत लाइए."

मंदाने आभार मानले आणि फोन ठेवला.

"दुसऱ्या कुणाला विचार," निखिल म्हणाला. "तो व्हिडिओ टाकणारा म्हणाला होता ना, हिवाळ्यात बिनधास्त या."

"तो खोटं बोलतोय."

"मग बोलू दे ना! आई, मी इथे पण मरणारच आहे. तिकडे निदान बघून मरेन."

"माझ्या हातून नाही."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी औषधं विकते, धीर विकत नाही. बॅटरी किती तास पुरेल, ऑक्सिजनचा सिलिंडर किती तास, मी तिथल्या तिथे मांडून दाखवलं. जमत नव्हतं. आज विचारलं तरी मी तेच मांडेन. निखिलने तिकडे बघितलंसुद्धा नाही. "तुम्ही दोघी फार हुशार आहात," एवढंच म्हणाला. त्यानंतर बर्फाचं नाव त्याने काढलं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये, मुलुंडच्या उकाड्यात, त्याला न्यूमोनिया झाला. रुग्णालय दहा मिनिटांवर होतं. रस्ता मोकळा होता, वीज गेली नाही, ऑक्सिजन कमी पडला नाही, डॉक्टर चांगले होते. आठवडाभरही तो टिकला नाही.

समाचाराला येणारे म्हणायचे, "बरं झालं तिकडे नेलं नाहीस." मंदा मान हलवायची. सगळे गेल्यावर एकदा ती मला म्हणाली, "एवढी वर्षं निवडत बसले गं. एकेक खोटारडा वेचून बाहेर काढला. एखादा ठेवायला हवा होता." मी तिला जेवायला वाढलं. ती जेवली नाही.

व्हॅन विकली. घेणाऱ्याला रॅम्प नको होता, तो कापून द्यावा लागला. मासिकं रद्दीत गेली.

त्याच डिसेंबरात ती रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला दुकानात आली होती. फोन वाजला. हिमाचलच्या त्या बाईने व्हिडिओ पाठवला होता. तिच्या अंगणात भुरभुर बर्फ पडत होता. खाली लिहिलं होतं, "दीदी, पहली बर्फ. बेटे को दिखाइए."

मंदाने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं, पाठवलं आणि फोन माझ्यासमोर धरला. "दिखाया. बहुत खुश हुआ."

लगेच उलट आलं, "अच्छा! अब हर बार भेजूँगी."

"मंदा, सांग तिला," मी म्हटलं.

"काय सांगू? तू खरं बोललीस, म्हणून त्याला बघायला मिळालं नाही, असं?"

गोळ्या घेऊन ती वर गेली.

यंदाचा हा तिसरा हिवाळा. ती बाई शब्दाची पक्की आहे, बर्फ पडला की पाठवतेच. मंदाही दर वेळी उत्तर देते. मागच्या आठवड्यात तिने लिहिलं, त्याला जरा सर्दी आहे, पण दोनदा बघितला.